शेख हमूदांचे खजूर

“गावावर वादळ येत असताना मी हेलिकॉप्टरमध्ये बसून निघून जायचं?” शेख हमूदांनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. उलट हसूनच विचारलं. पण मीटिंगमधली सगळी माणसं एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागली. समोरच्या भिंतीवर माझी स्लाइड होती. बेटावरून निघून मुख्य भूमीवरच्या मोठ्या हॉस्पिटलकडे जाणारा जाड लाल बाण. बाण फार छान आला होता. बघत कुणीच नव्हतं.

“शेख, तुम्ही एकटे नाही,” हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. याकूब म्हणाले. “डायलिसिसचे सगळेच पेशंट जाणार. वादळाची पहिली वॉर्निंग आली की लगेच.”

“त्यांना विचारलंत?”

विचारलं नव्हतं. मग तिथेच विचारलं. एक बाई म्हणाल्या, नवरा होड्या ओढून घेतल्याशिवाय हलणार नाही आणि तो हलल्याशिवाय मी हलणार नाही. एका म्हाताऱ्यांचं म्हणणं, मुलं, सुना, नातवंडं आणि बकऱ्या येणार असतील तर येतो. माझ्या शेजारी आमचे टेक्निशियन इक्बालभाई बसले होते. मूळचे दापोलीकडचे, ओमानमध्ये इतकी वर्षं काढलेली की अरबी त्यांना मराठीइतकीच येते. ते माझ्या कानाशी कुजबुजले, “मॅडम, ह्यांना हेलिकॉप्टर पुरायचा नाय. प्रलयातली ती नूह पैगंबरांची बोट मागवा.”

मी हसू दाबलं आणि स्लाइड बंद केली. प्लॅन नंबर एक, खलास.

आता जरा मागचं सांगते. मी बायोमेडिकल इंजिनिअर. म्हणजे हॉस्पिटलमधली यंत्रं बसवायची, चालू ठेवायची आणि ती बंद पडली की शिव्या खायच्या. मूळची पुण्याची. तेव्हा आमचं घर मस्कतला बौशरमध्ये होतं आणि कंपनीचं ऑफिस तिथल्याच गाला नावाच्या भागात, गॅरेजेस आणि वर्कशॉप्सच्या गर्दीत. डायलिसिसची मशिन्स आणि त्यांना लागणारे पाण्याचे प्लांट हा आमचा धंदा. ही गोष्ट २०१० नंतरच्या दशकातली. अरबी समुद्र तापायला लागला होता आणि पूर्वी कधीमधी येणारी वादळं आता धरूनच चालावीत इतकी नेहमीची झाली होती. किनाऱ्यावरच्या आणि बेटावरच्या लहान हॉस्पिटलांची त्यासाठी तयारी करून घ्यायचं एक मोठं काम निघालं. उन्हाळा, डास, पूर, वादळ, सगळं त्यात होतं. आमच्या कंपनीच्या वाट्याला एका बेटावरचं डायलिसिस युनिट आलं. बेटाचं नाव मुद्दाम सांगत नाही आणि माणसांची नावंही बदललेली आहेत. सपाट, वाऱ्याने झोडपलेलं बेट. मासेमारी, बकऱ्या, एक फेरीबोट, एक हॉस्पिटल. समुद्र खवळला की फेरी बंद आणि बेट जगापासून तुटलेलं.

डायलिसिसचं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. किडनी बंद पडली की रक्तातली घाण आणि जादा पाणी मशीनने काढावं लागतं, साधारण एक दिवसाआड. एका वेळेला शंभराहून जास्त लिटर शुद्ध पाणी लागतं. बेटावर पाणी येतं ते समुद्राचं पाणी गाळून. वादळात समुद्र गढूळला की तो प्लांट बंद करावा लागतो. म्हणजे लाइट गेली तर जनरेटर आहे, पण पाणी गेलं तर माझी मशिन्स म्हणजे नुसतं फर्निचर. आणि डायलिसिस चार-पाच दिवस हुकलं तर पेशंट जातो. यात काही नाजूकपणे सांगण्यासारखं नाही.

शेख हमूद त्या पेशंटपैकी एक. गावाचे वडीलधारे. भांडणं मिटवणं, लग्नं जुळवणं, सरकारी माणूस आला की त्याच्याशी बोलणं, सगळं त्यांच्याकडे. तरुणपणी गलबतावरून मुंबईच्या बंदरात येऊन गेलेले, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचे. मला ‘मुहंदिसा’ म्हणायचे, म्हणजे इंजिनिअरबाई. त्यांना मी मनापासून आवडायचे असं नाही, पण माझा फटकळपणा त्यांना चालत होता.

हलवायचं नाही ठरल्यावर आम्ही प्लॅन नंबर दोन केला. पेशंट बेटावरच राहतील. वॉर्निंग आली की सगळ्यांचं डायलिसिस आधीच उरकून घ्यायचं, म्हणजे वादळात जाताना रक्त साफ असेल. जनरेटर उंच ओट्यावर चढवायचा. शुद्ध पाण्याची मोठी बंदिस्त टाकी बांधायची, ज्यात वादळानंतर प्रत्येक पेशंटला एकदा पुरेल एवढं पाणी कायम भरलेलं असेल. मधले दिवस पेशंटने खाण्यापिण्यावर ताबा ठेवून काढायचे. कागदावर हिशेब चोख बसत होता. इक्बालभाईंनी टाकी बसवली, मी पाइपलाइन तपासली, जनरेटर पहिल्या फटक्यात सुरू झाला. मी खूश. डॉ. याकूब खूश. गालातले आमचे बॉस पिल्लैसाहेब सगळ्यांत जास्त खूश, कारण काम वेळेत होतं.

मग आम्ही मॉक ड्रिल केलं. म्हणजे वादळ आलंय असं समजून सगळ्यांनी जसं वागायचं तसं वागून बघायचं.

गावाचा निवारा म्हणजे सबला. ओमानच्या गावात ही एक सार्वजनिक बैठकीची मोठी खोली असते. मयत असो, लग्न असो, पाहुणा असो, माणसं तिथेच जमतात. या गावची सबला उंचावर होती, हॉस्पिटलच्या भिंतीला लागून, पक्क्या बांधणीची. मागे बायकांसाठी वेगळी खोली. त्याहून चांगली जागा बेटावर नव्हती. सकाळी ड्रिल सुरू झालं आणि माणसं घोळक्याघोळक्याने यायला लागली. मी पुरुषांच्या खोलीत एका कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसले. परदेशी इंजिनिअरबाई म्हणून मला तेवढी सूट होती. माझ्या शेजारी डायलिसिसची सिस्टर लिन्सी, केरळची.

शेख हमूद मधोमध बसलेले. पुढ्यात खजुरांचं ताट आणि काहव्याची, म्हणजे बिनदुधाच्या अरबी कॉफीची, किटली. घोळका आला की उठून गळाभेट, मग बसायचं, मग ‘उलूम’. उलूम म्हणजे खबरबात. काय चाललंय, घरचे कसे आहेत, वाटेत काय दिसलं, हे रीतसर विचारायचं आणि समोरच्याने रीतसर सांगायचं. मग खजूर. तिथली रीत अशी, की पाहुण्याला एकट्याला खायला लावायचं नाही. यजमानाने आधी एक खजूर उचलायचा, मग पाहुण्याने. मग काहवा, चिमुकल्या कपातून, दोघांनी. पुरे झालं तर पाहुण्याने कप हलवून परत द्यायचा. यजमानाला कप हलवायची सोय नाही, कारण पाहुणे संपलेले नसतात.

एक घोळका झाला. दुसरा आला. पुन्हा गळाभेट, उलूम, खजूर, काहवा. तिसरा आला.

सिस्टर लिन्सीने माझा दंड पकडला. “मॅडम, देखा आपने? ये आदमी सुबह से खजूर खा रहा है.”

हे आम्हाला आधी सुचलंच नव्हतं. सुचणार तरी कसं? ड्रिल होईपर्यंत एवढी माणसं एका वेळी त्यांच्यासमोर येऊन बसलेली आम्ही पाहिलीच नव्हती.

सांगते काय झालं ते. खजुरात पोटॅशियम भरपूर. केळ्यात असतं, शहाळ्याच्या पाण्यात असतं, तसंच. तुम्हाआम्हाला त्याचं काही नाही, किडनी ते बाहेर टाकते. किडनी बंद असेल तर ते रक्तात साठत जातं. आणि पोटॅशियम वाढलं की माणूस आधी कण्हत नाही, तापत नाही. हृदय थांबतं. बसल्या जागी. एखाददुसऱ्या खजुराने काही होत नाही. पण वादळात तीन-चार दिवस अख्खं गाव आत, माणसं येणार-जाणार, प्रत्येक वेळी एक खजूर आणि एक कप. वर डायलिसिस बंद. म्हणजे आमची टाकी भरलेली, जनरेटर धडधडत चालू आणि पेशंट आमच्या डोळ्यांसमोर पाहुणचार करता करता गेलेला.

ड्रिल संपल्यावर सिस्टरने त्यांचं रक्त घेतलं. पोटॅशियम साधारण पाचपर्यंत असावं. त्यांचं सहाच्या वर. ते निवांत बसून विचारत होते, “मुहंदिसा, ड्रिल कैसा हुआ? अच्छा हुआ ना?”

मी गालात फोन लावला. पिल्लैसाहेब म्हणाले, “खजूर? खजूर आपल्या स्कोपमध्ये नाही. आपलं काम टाकी आणि मशीन. हॅंडओव्हरवर सही घे आणि ये.”

“सर, तो माणूस मरेल.”

“वो डॉक्टर देखेगा. तू इंजिनिअर आहेस.”

“सर, टाकीतलं पाणी वापरायला माणूस उरला नाही तर टाकी कशाला बांधली?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “एक आठवडा. त्याच्या वर नाही.” माझे साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त वेळेत झालेलं काम उशिरा झालेलं बघवत नसे.

पहिल्यांदा मी सरळ सांगून पाहिलं. डॉ. याकूबांना बरोबर घेतलं, रक्ताचा रिपोर्ट दाखवला. शेख सगळं ऐकून म्हणाले, “इन्शाल्ला.” ओमानमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा, या शब्दाला किती अर्थ आहेत. त्यांच्या तोंडचा अर्थ होता, पोरी, तू बोललीस, मी ऐकलं, आता काहवा घे.

मग मी भांडाराकडे वळले. निवाऱ्याच्या साठ्यातले खजूर काढून टाकले आणि बिस्किटांचे बॉक्स भरले. स्वतःवर खूश होऊन परत आले. दुसऱ्या दिवशी इक्बालभाई हसत हसत सांगायला आले, “मॅडम, घराघरातून खजुराच्या पाट्या येऊन पडल्यात तिथं. शेखांच्या सबलेत खजूर नाय, अशी बातमी झाली गावात. लोक विचारतायत, शेखांवर कसली वेळ आली?”

“आणि बिस्किटं?”

“बकऱ्यांना आवडली.”

डॉ. याकूब खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. मग ते गंभीर झाले. “तू खजूर काढतेयस,” ते म्हणाले. “खजूर प्रॉब्लेम नाही. यजमान प्रॉब्लेम आहे. पाहुणा एक खजूर खातो. यजमान सगळ्यांबरोबर खातो.”

“मग दुसरा यजमान करा. मुलगा आहे ना.”

मुलगा सालिम. तिशी ओलांडलेला, फेरीच्या धक्क्यावर नोकरीला, शांत माणूस. मी त्याला गाठलं तर तो दचकलाच. “बाप जिवंत असताना त्यांच्या जागेवर मी बसू? लोक माझ्या तोंडावर थुंकतील. आणि बाबा? ते बोलणार नाहीत काही. कधीच बोलणार नाहीत माझ्याशी.” त्याच्या डोळ्यांत खरंच भीती होती. मी जास्त ताणलं नाही.

राहिल्या शेखांच्या बायको, मौझा. मी सिस्टर लिन्सीला घेऊन त्यांच्या घरी गेले. आत बायकांच्या खोलीत बसलो. लिन्सीचं वॉर्डातलं अरबी आणि माझं गालातलं अरबी मिळून कसंबसं एक वाक्य व्हायचं. मौझाबाईंनी मला खजूर पुढे केला. मी कपाळाला हात लावला. त्या खुदकन हसल्या.

“त्यांना खजूर आवडत नाहीत,” त्या म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून बघतेय. घरात असतील तर हात लावत नाहीत. गोड नकोच असतं त्यांना.”

“मग?”

“माणूस त्यांच्यासमोरून खबरबात न सांगता गेलेला त्यांना चालत नाही. तेवढं एक पाहिजे. बाकी सगळं रीत म्हणून.”

मी लिन्सीकडून हे वाक्य पुन्हा सांगून घेतलं. मग एकदम उठलेच. मौझाबाईंना वाटलं, माझं काही तरी बिनसलं.

खबरबात हवी आहे ना? मग हॉस्पिटललाही तीच हवी होती! मोठ्या संकटात माणसं आत येतात तेव्हा दारातच कुणी तरी त्यांची वर्गवारी करावी लागते. याला आमच्याकडे ट्रायाज म्हणतात. कुणाला ताबडतोब डॉक्टर हवा, कुणाला थोड्या वेळाने, कुणाला नुसती चटई हवी. आमच्या प्लॅनमध्ये हे काम एका नर्सला दिलेलं होतं, जिला गावातलं कुणी ओळखत नव्हतं. कुठल्या घरातलं कोण आलं नाही, कुणाची सून दिवसांत आहे, कुणाच्या आईला इन्सुलिन लागतं, हे बेटावर एकाच माणसाला तोंडपाठ होतं. आणि तो माणूस आम्ही खजुरांच्या ताटासमोर बसवून ठेवला होता.

मी शेखांकडे गेले. इक्बालभाईंना दुभाषी म्हणून घेतलं, कारण हे मोडक्या हिंदीत बोलायचं काम नव्हतं. “शेख, वादळात उलूम आत बसून विचारून चालणार नाही. उशीर होईल. दारातच विचारायला हवं. प्रत्येकाला. कोण आलं, कोण मागे राहिलं, कोण आजारी, औषध आणलं की घरी विसरलं. हे डॉक्टरला जमणार नाही, मला जमणार नाही. तुम्ही दारात बसा.”

“आणि आत?”

“आत जो असेल तो काहवा देईल.”

ते बराच वेळ काठीने चटईची कड सरळ करत राहिले. माझ्या डोक्यात चाललेलं त्यांना कळत होतं, हे मला कळत होतं. मूर्ख माणूस नव्हता तो. शेवटी म्हणाले, “गावातल्या माणसांचं ठीक आहे. ती माझी आहेत, समजून घेतील. पण परका माणूस दारात आला, तर मी त्याच्यासमोर बसणार. माझ्या गावात परक्याला यजमान नाही, असं होणार नाही.”

“शेख...”

“मुहंदिसा. बस.”

एवढंच मिळालं. मी घेतलं. वादळात परका कुठून येणार, असं मी स्वतःला समजावलं.

काही महिन्यांनी खरी वॉर्निंग आली. मी पिल्लैसाहेबांना सांगितलं की मी जाते. ते म्हणाले, “हॅंडओव्हर झालंय, आता ते त्यांचं आहे.” मी म्हटलं, रजा टाकते. घरी नवरा म्हणाला, “तुला नाही म्हणून उपयोग नाही, हे मला लग्नाआधीच सांगायला हवं होतं कुणी तरी.” मग त्यानेच माझी बॅग भरून दिली. इक्बालभाई गाडी घेऊन खाली उभेच होते. आम्ही फेरी बंद व्हायच्या आधी बेटावर पोचलो.

सगळं ठरल्यासारखं झालं. डायलिसिसचे पेशंट पाळीपाळीने मशीनवर गेले. शेख हमूद सगळ्यांत शेवटी. टाकी काठोकाठ. मग सबलेच्या दारात एक प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि शेख डोक्याला मुसर बांधून, काठी पायांमध्ये धरून तिच्यात बसले.

त्यांचं ते विचारणं मी कधी विसरणार नाही. “तुझी आई?” “आत पाठवली.” “तिचं इन्सुलिन?” तरुणाने खिसे चाचपले. “फ्रिजमध्ये राहिलं ना? रस्ता बुडायच्या आत जा. यल्ला!” एका बाईला बघून नुसतं विचारलं, “कळा कधीपासून?” ती तोपर्यंत कुणाला काही बोललेली नव्हती. ती सबलेत गेलीच नाही, सरळ हॉस्पिटलमध्ये गेली. एका माणसाने सांगितलं, आमचे सगळे आले. शेख म्हणाले, “तुझा शेजारी बहिरा आहे. त्याला कुणी हाक मारली?” सालिमला पिकअप देऊन पाठवलं. तो म्हातारा घरात गाढ झोपलेला सापडला. डॉ. याकूब मला म्हणाले, “आपण यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायला निघालो होतो.”

मग वारा आला. समुद्र रस्त्यावरून पलीकडे गेला. पाण्याचा प्लांट बंद झाला, लाइट गेली, मोबाइल गेले. जनरेटर चालू राहिला. दिवस जात राहिले. शेख दारात, दार लोटलेलं असलं तरी दाराशी. पाणी घोटाघोटाने. खजूर एकही नाही. आत काहवा फिरत होता, कधी हा ओतायचा, कधी तो. यजमानाची जागा, ताटामागची गादी, मात्र रिकामी होती. तिच्यावर कुणीही बसत नव्हतं.

वारा पडायला लागला त्या दुपारी दार उघडलं आणि परके आले. एका गलबताचे खलाशी, दूरच्या किनाऱ्यावरचे. गलबत बेटाच्या आडोशाला कसंबसं टिकलं होतं. अंगावरचे कपडे भिजून चिकटलेले, एकाच्या पायाला जखम. एकदोघं नाही, चांगला मोठा घोळका. आणि त्यांच्या मागे आणखी एका बोटीची माणसं येत होती.

शेखांनी त्यांना दारात उलूम विचारली. जखमीला हॉस्पिटलकडे धाडलं. मग काठीवर जोर देऊन उठले आणि आत निघाले. सरळ त्या गादीकडे.

माझ्या शेजारी लिन्सी उभी होती. तिने सकाळीच रक्त तपासलं होतं. पोटॅशियम काठावर होतं, अजून डायलिसिस मिळालेलं नव्हतं, कारण वारा पूर्ण थांबल्याशिवाय टाकीचं झाकण उघडायचं नाही असं मीच ठरवलं होतं. एकदा ते गादीवर बसले की उठणार नव्हते. हे परके, मग दुसऱ्या बोटीचे परके. प्रत्येकाबरोबर एक. मला ओरडावंसं वाटत होतं. पण भरलेल्या सबलेत, परक्या पाहुण्यांसमोर, मी ओरडले असते तर त्यांनी मुद्दाम मूठभर खाल्ले असते.

तेवढ्यात सालिम उठला. बापापेक्षा दोन पावलं पुढे झाला आणि गादीवर बसला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने बिस्मिल्ला म्हटलं, ताटातला एक खजूर उचलला, तोंडात टाकला आणि ताट पाहुण्यांपुढे सरकवलं. “या. घर तुमचं आहे.”

शेख हमूद जागच्या जागी उभे. मुलाकडे बघत होते. काय होतं त्या नजरेत, मला सांगता येणार नाही. मी स्वतः देवाचं नाव घेत होते. मग त्यांनी काठी एकदा जमिनीवर आपटली. वळले. दाराशी आले, खुर्चीत बसले आणि येणाऱ्या दुसऱ्या घोळक्याला नेहमीच्या आवाजात म्हणाले, “सलाम अलैकुम. उलूम?”

मी भिंतीला टेकून बसले आणि भडाभडा रडले. इक्बालभाई म्हणाले, “रडा मॅडम, रडा. पण त्या आधी टाकीची चावी मला द्या.”

संध्याकाळच्या आत टाकी उघडली. पाणी स्वच्छ होतं. प्लांट अजून बंदच होता, पण आमची मशिन्स चालली. पहिले मशीनवर गेले ते शेख हमूद. एकही डायलिसिसचा पेशंट आम्ही गमावला नाही. कळा सुरू झालेल्या त्या बाईला मुलगी झाली.

मशीन चालू असताना मी त्यांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसले होते. ते छताकडे बघत होते. मग हिंदीत म्हणाले, “मुहंदिसा, मेरा बेटा मेरी जगह पे बैठा. मेरे जीते जी.”

आवाजात राग नव्हता. दुखावलेपण होतं, आणि ते खरं होतं. मलाही वाईट वाटत होतं. पण चार दिवस झोप नव्हती आणि तोंड मूळचंच फटकळ. मी म्हटलं, “शेख, आप जिंदा हो, इसलिए उसको बैठा हुआ देखा. नहीं तो भी वो आज वहीं बैठता. बस, आप देखने को नहीं होते.”

इक्बालभाईंनी जीभ चावली. सिस्टर लिन्सीने मान फिरवली. मला वाटलं, गेलं, ओमानमधलं आपलं शेवटचं काम झालं.

शेख हमूद माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, इतकं की मशीनचा अलार्म वाजला. हसत हसत त्यांनी दारात उभ्या असलेल्या सालिमला हाक मारली. तो घाबरत घाबरत जवळ आला. शेखांनी मोकळ्या हाताने त्याचा कान धरला आणि अरबीत काही तरी म्हणाले.

मी इक्बालभाईंना विचारलं, “काय म्हणाले?”

“म्हणाले, पहिला खजूर उचललास तो बारका होता. पाहुण्यासमोर उचलायचा तर मोठा उचलावा.”

त्यानंतर मी ओमानच्या किनाऱ्यावर आणखी बऱ्याच हॉस्पिटलांची तयारी करून दिली. पिल्लैसाहेबांचं अजून म्हणणं आहे की मी प्रत्येक कामाला आठवडाभर जास्त लावते. लावते. टाकी, जनरेटर, मशीन ही सगळी विकत मिळतात आणि बसवायला माझ्यासारखे इंजिनिअरही मिळतात. ते मी शेवटी बघते. आधी मी गावात फिरून एवढंच शोधते, की इथे ‘नको’ म्हणायची सोय कुणाला नाही. संकटात पहिल्यांदा तोच मरतो.